सादळलेला आकडा

मने, ये, खुर्ची ओढून जवळ बस, पुण्यात का असेनास. परवा फोनवर म्हणालीस, "आजी, प्रॅक्टिकलचा आकडा जरा वाढवला तर कोणाला कळतंय?" कानच धरणार होते, पण फोनमधून हात पोचेना. आता काजळताईची गोष्ट ऐक आणि मग काय वाढवायचं ते वाढव.

काजळताईची बोटं कायम काळी. साबण, चिंच, राख, काही म्हणता काही लागू पडायचं नाही. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ती धारहून देवासला आली, आमच्या वरच्या खोलीत भाड्याने राहिली. रोज बसने इंदूरला प्रयोगशाळेत जायची. तिथे तापलेल्या नळीत, हवा न लावता, कापराचं काजळ धरायची. पीएचडीसाठी गं! शेजारच्या भाभी टोमणा मारायच्या, "क्यों बई, इत्ती पढ़-लिख के काजल बेचोगी कंई?" ही फणकाऱ्याने म्हणे, "बेचूँगी नहीं भाभी, इसमें गैस भरूँगी!"

मी चौथी शिकलेली. पण संध्याकाळी स्वयंपाकघरात ती बोलायची नि मी ऐकायची, तेच माझं कॉलेज. त्या काजळाच्या चिमटीत म्हणे डोळ्यांना न दिसणाऱ्या नळ्या असतात, आणि त्यांच्या भिंती इतक्या, की उलगडल्या तर आपलं अंगण पुरायचं नाही. हायड्रोजन त्या भिंतींवर बसतो. "मुरत नाही काकू, नुसता टेकतो. टेकलेला हवा तेव्हा उठवता आला, की त्यावर गाडी पळेल." परदेशातून तेव्हा मोठमोठे आकडे येत होते. कोणाचं काजळ किती वायू धरतं, याची नुसती चढाओढ. एक दिवस हिचाही मोठा आकडा आला. तिच्या पीएचडीच्या सरांनी पेढे वाटले, दोन माझ्यापर्यंतही पोचले.

पण हिला चैन नाही. पाटावर जेवता जेवता वही चाळत म्हणाली, "काकू, तीच पूड, तोच वायू. पण वायू भरल्यावर पावसाळी दिवसांत तिचं वजन जास्त वाढतं, उघडीप असली की कमी. असं का?"

मी पापड भाजत होते. डब्यातले सगळे मऊ पडलेले. म्हटलं, "सादळत असेल तुझं काजळ, या पापडांसारखं."

तिने वही फटकन मिटली. पानात अर्धी पोळी तशीच टाकून बस पकडायला पळाली.

मग तिने पूड तापवली, आतली ओल खेचून काढली, वायूही कोरडा करून घेतला आणि पुन्हा मोजलं. आकडा पार तळाला गेला. वाढलेलं वजन बहुतेक पाण्याचंच होतं.

तेव्हा सर स्वतः आमच्या घरी आले. चहा पिता पिता गोडीगुलाबीने म्हणाले, "बेटा, पहला वाला ही लिख दो. सबके आँकड़े बड़े हैं, तुम्हारा ही छोटा क्यों?"

"बाकियों का मैं नहीं जानती, सर. मेरा काजल सूखा है."

"डिग्री अटक जाएगी."

"अटकने दीजिए."

सर माझ्याकडे वळले. "माताजी, आप ही समझाइए इसको."

म्हटलं, "मैंने ही तो बिगाड़ा है. पापड़ लीजिए, ताज़ा सेंका है."

पापड न घेताच गेले. हिने प्रबंधात छोटा आकडाच लिहिला, सरांनी सही केली नाही. सगळे म्हणाले, चार वर्षं मातीत घातली. ही ट्रंक बांधून धारला निघाली, शाळेत शिकवायला. बसस्टँडवर माझे डोळे भरले, तर मलाच दटावलं, "रडू नका काकू. मला पुन्हा सादळायचं नाहीये."

पुढे काही वर्षांनी परदेशातले ते मोठे आकडेही एकेक करून उतरले. तिचं पोस्टकार्ड आलं, एकाच ओळीचं: "काकू, त्यांचेही पापड मऊच निघाले." डिग्री मात्र तिला मिळाली नाही ती नाहीच. तिने कधी मागितलीही नाही.

तर मने, वही घेऊन लवकर ये. आकडा वाढवला असशील, तर आधी तो खोडू, मग दोघी धारला जाऊ. तिची बोटं अजून काळी आहेत का, बघायचंय मला. आणि तुझे सर रागावले, तर त्यांनाही घेऊन ये. पापड भाजून ठेवते.