लसणाचे हात

मदर सुपीरियरनी बाकी तिघींचे हात आपल्या हातांत घेतले. माझ्या बहिणीचे घेतले नाहीत.

नागपुरातल्या एका कॉन्व्हेंटचे चॅपेल. चार सिस्टरांच्या व्रतांना पंचवीस वर्षे झाली, म्हणून मिस्सा, म्हणजे चर्चची सामूहिक उपासना, होती. रीत अशी, की सिस्टरने गुडघे टेकून जोडलेले हात मदरच्या हातांत द्यायचे आणि दारिद्र्य, ब्रह्मचर्य, आज्ञापालन ही तीन व्रते पुन्हा उच्चारायची. बहिणीची पाळी आली. मदरनी दोन्ही हातांनी प्रार्थनेचे पुस्तक धरले. तिने हवेतच हात जोडून व्रते म्हटली. एक शब्द चुकला नाही. मी मागच्या बाकावरून पाहत होतो. पुढचे बाक त्या तिघींच्या कुटुंबांसाठी राखलेले. आमचे वडील भिवापुरात मेलेली ढोरे ओढत, हे तिथे सर्वांना ठाऊक होते.

मिस्सेनंतर मी मदरच्या कचेरीत गेलो.

"तिचे हात का धरले नाहीत?"

त्या हसल्या. "अहो, लसणाचा वास येत होता. सकाळपासून किचनमध्ये होती ना ती."

"आजच्या दिवशीही तिला किचनमध्ये कोणी पाठवले?"

"आज्ञापालनाचं व्रत आहे तिचं."

मी न्यायालयातून लिपिक म्हणून निवृत्त झालो. आपणच केलेल्या अन्यायाचा आधार घेऊन कोणालाही स्वतःचा बचाव करता येत नाही, एवढे मला कळते. बहीण नर्स व्हायला आली होती. मरणाऱ्या माणसाजवळ बसायचे, यासाठी तिने घर सोडले. बरोबरच्या तिघींना संस्थेने नर्सिंग शिकवले. तिच्या वाट्याला चूल. शिकू द्या म्हटले, की उत्तर एकच: आज्ञापालन.

मी ओरडलो, "मोकळी करा तिला! आजच बिशपांना लिहितो."

"बांधून कुठं ठेवलंय? घेऊन जा. स्वयंपाकीण काय, दुसरी मिळेल."

स्वयंपाकीण. पंचवीस वर्षांच्या व्रतस्थ आयुष्याला त्यांनी दिलेले नाव.

बहीण दारात उभी होती. मला वाटले, रडेल. ती माझ्यावरच कडाडली.

"काहून सोडवून राहिला गा भाऊ मले? मी काय कैदी हाओ?"

मग मदरकडे वळली. त्यांच्यासमोर ती प्रथमच घरच्या बोलीत बोलली.

"मी व्रत देवाले देल्लं, मदर. तुमच्या चुलीले नाही. दारिद्र्याचं व्रत तर तुमीबी घेतलं. मंग बाहेर ते नवी गाडी कोनाची उभी हाये?"

तिने हात जोडून पुढे केले.

"लसूण तुमच्याच हुकमानं लागला. घ्या आता हातात."

मदरनी फोन उचलला.

त्या दिवसापासून ती किचनमध्ये गेलेली नाही. सकाळी उठून त्यांच्याच हॉस्पिटलच्या जनरल वॉर्डात जाते. ज्याच्याजवळ कोणी नाही, त्याच्याजवळ बसते. याला व्रतभंग ठरवून तिला संस्थेतून काढण्याची तयारी चालू आहे.

मी बिशपांना लिहिले. लिहितो आहे. आता सुटका मागत नाही. दोन्ही पक्षांनी व्रत पाळावे, हे मागतो. त्याच चॅपेलमध्ये, त्याच लोकांसमोर, मदरनी तिचे हात हातांत घ्यावेत. उत्तर नाही.

दर रविवारी मी तिथे पहिल्या बाकावर बसतो. उठवून दाखवा.