रिकामे तळहात

व्हर्ना पास्कोला आमच्या गावात कुणी गोड बाई म्हणणार नाही. क्लबच्या स्वयंपाकघरात तिच्या परवानगीशिवाय चमचा हलत नाही. क्लब म्हणजे हिरवळीवर जड गोळे घरंगळवत बोल्स खेळणाऱ्यांचा, आणि मी त्यातला सगळ्यात वाईट खेळाडू.

यंदा क्लबचं छप्पर गळायला लागलं, तेव्हा आमच्या अध्यक्षाने, क्लाइव्हने, कॅसिनोची संध्याकाळ काढली. टेबलं खरी, पैसे खोटे, म्हणजे चिप्स नावाच्या प्लास्टिकच्या चकत्या, आणि तिकिटांची रक्कम छपराला. सगळ्यांनी हात वर केले, व्हर्नाने केला नाही.

"तुझ्या भावापायी गावाने मजाच करायची नाही का गं?" क्लाइव्ह म्हणाला. त्याच्या जिभेला हाड नाही.

तिचा धाकटा भाऊ केल्विन. पबातल्या जुगाराच्या मशीनवर त्याने आधी मासेमारीची होडी घालवली, मग घर. बायको आपणहून गेली. आता तो बहिणीच्या मागच्या खोलीत राहतो आणि क्लबची हिरवळ कापतो. पबाची पायरी त्याने बरेच दिवस चढलेली नाही. कॅसिनोच्या संध्याकाळी त्याने घरीच थांबावं, असं कुणीतरी सुचवलं.

व्हर्ना कडाडली, "त्याने का म्हणून लपून बसायचं? येईल तो. पण टेबलं कुणाची आणायची, ते मी ठरवणार."

टेबलं आणि पत्ते वाटणारी माणसं भाड्याने देणाऱ्या अ‍ॅडलेडच्या कंपन्यांना तिने फोन लावले. भाडं किती, टेबलं किती, हे तिने नंतरवर ठेवलं. आधी एकच प्रश्न: "पाहुण्याने स्वतःच्या खिशातली नोट काढून आणखी चिप्स मागितल्या, तर काय कराल?"

"देऊ की, बाई! तुमच्या छपरालाच मदत," पहिला म्हणाला. दुसरा नुसता हसला आणि म्हणाला, "ते टेबलावरचं टेबलावर. आपण कशाला बघायचं?" तिने फोन आपटला.

"अशाने तूच पत्ते वाटत बसशील," क्लाइव्ह वैतागला.

तिसरी होती लिएन. "फोनवर गोड बोलायला काय लागतं?" ती म्हणाली. "येऊन दाखवते."

आली ती स्वतःच गाडी चालवत. टेबल उतरवायला मला बोलावलं होतं, ते मांडून तिने व्हर्नाला आणि मला पत्ते वाटले. डाव संपल्यावर व्हर्नाने स्वयंपाकघरातून चहाला हाक मारली. उठण्याआधी लिएनने हलकेच टाळी वाजवली आणि दोन्ही तळहात टेबलावर उलटसुलट करून दाखवले. काही उचललं नाही, हे दाखवायची मोठ्या कॅसिनोतली रीत.

"खोट्या चिप्सना कशाला एवढं?" मी विचारलं.

"खोट्यासाठी वेगळे हात कुठून आणू?"

"आणि खिशातल्या नोटेचं काय?" व्हर्नाने विचारलं.

"तिला मी हात लावत नाही."

व्हर्नाने तिला केकचा दुसरा तुकडा वाढला. आमच्या गावात याला पसंती म्हणतात.

कार्यक्रमाला केल्विन इस्त्रीचा शर्ट घालून आला. व्हर्ना स्वयंपाकघराच्या खिडकीतून खिमा भरलेल्या गरम पेस्ट्या वाढत होती, पण लक्ष सगळं लिएनच्या टेबलावर. टेबल सोडताना लिएन दर वेळी तीच टाळी वाजवून तळहात दाखवत होती. तिथेच खेळणाऱ्या केल्विनच्या चिप्स संपल्या. लोक हसले, तोही हसला. मग त्याचा हात खिशात गेला आणि हिरव्या कापडावर खरी नोट पडली. मी शेजारीच होतो.

"घ्या, घ्या!" क्लाइव्ह ओरडला. "छपराला दोन पत्रे जास्त!"

व्हर्नाचा चिमटा हवेतच राहिला.

लिएनने नोटेला बोटही लावलं नाही. "ती उचला, दादा. इथे नाही चालत. चिप्स हव्या तितक्या घ्या, फुकट." तिने एक मोठी चळत त्याच्यापुढे सरकवली.

"फुकट?"

"फुकट. संपल्या की परत देते."

केल्विन त्या चळतीकडे बघत राहिला. त्याचे कान लाल झाले होते. "मग यात काय राम आहे?" तो पुटपुटला, आणि नोट उचलून खिशात घातली. मला त्या माणसाचं फार कौतुक वाटलं.

उठताना तो थबकला. स्वयंपाकघराच्या खिडकीकडे वळला, एक टाळी वाजवली आणि दोन्ही तळहात बहिणीला उलटसुलट करून दाखवले.

व्हर्नाने एप्रनने डोळे पुसले, सगळ्यांदेखत.

"बघितले," ती ओरडली. "आता ये इकडे, पेस्टी गार होतेय."