सत्तर मिनिटांची टाकी

जलशुद्धीकरण केंद्रात टाकीबाईंचा पाय कधी एका जागी ठरत नसे. वय शेहेचाळीस, नोकरी बावीस वर्षांची आणि काम ठरलेलं: टाकीत क्लोरीन सोडायचा, भिंतीवरच्या तक्त्याप्रमाणे सत्तर मिनिटं थांबायचं आणि मग शहराकडचा व्हॉल्व्ह उघडायचा. सत्तरच का, हे त्यांनी आल्या आल्या विचारलं होतं. जुने ऑपरेटर म्हणाले, "तक्ता सांगतो म्हणून." एवढ्यावर गप्प बसतील त्या टाकीबाई कसल्या?

म्हणून या वयात विद्यापीठात डिफरन्शियल इक्वेशन्सचा, म्हणजे वेळेनुसार बदलत जाणाऱ्या गोष्टींच्या गणिताचा, पहिला कोर्स. वेल्डर नवऱ्याने एकदाच विचारलं, "पास झालीस तर बढती मिळेल?"

"नाही."

"मग कशाला डोक्याला ताप?"

"ताप आधीपासूनच आहे. हे त्यावरचं औषध."

औषध काही लागू पडेना. बाई दोनदा नापास झाल्या. दुसऱ्यांदा तर चारच गुणांनी, आणि तेही टाकीच्याच गणितात. क्लोरीनचं पाणी आत येतं, तेवढंच निचऱ्याला बाहेर जातं. हवी ती मात्रा किती मिनिटांनी येईल? खाली सूचना होती, पाणी क्षणात सगळीकडे सारखं मिसळतं असं गृहीत धरा. बाईंनी ठणकावून लिहिलं, 'असं होत नाही. कोपऱ्यातलं पाणी मागे राहतं,' आणि गणित सोडून दिलं. त्यांच्याहून पंधरा वर्षांनी लहान सरांनी कपाळाला हात लावला. "काकू, ती टाकी पेपरातली आहे. तिथे मुकाट्याने मिसळू द्या. आता एकच संधी उरलीय."

पुढचा महिनाभर त्यांच्या जिवाला स्वस्थता नव्हती. भाजी ढवळतानाही त्या कडेला काय मागे राहतं ते बघत बसायच्या. मुलगी म्हणाली, "आई, आज जेवण झालंय असं गृहीत धरू का?"

पेपरात टाकी आलीच. सरांनी आकडेही बाईंच्याच टाकीचे घातले होते. वर्गात बाईंनी ते शंभरदा ऐकवले होते. 'गृहीत धरले' लिहिताना हात अडखळला, पण लिहिलं. समीकरण मांडलं, सोडवलं, स्थिरांक काढला. उत्तर आलं पन्नास मिनिटं. आता उठायचं होतं, पण उठवेना. पन्नासाव्या मिनिटाला व्हॉल्व्ह उघडला तर कोपऱ्यातलं कच्चं पाणी लोकांच्या घरात जाणार. दोन मिनिटं उरली असताना त्यांनी खाली लिहिलं, 'प्रत्यक्षात पन्नासला पाणी सोडू नये. आणखी वीस मिनिटं थांबावं.' मागच्या वेळी अशाच ओळीने घात केला होता. खोडायला पेन टेकवलं, पुन्हा उचललं आणि पेपर तसाच देऊन टाकला.

निकाल लागला. बावन्न गुण, पास. बाईंना इतका आनंद झाला की डोळे भरून आले. सरांनी उत्तरपत्रिका पुढे केली. त्या ओळीवर काट नव्हती. शेजारी लाल शाईत दोनच शब्द होते: 'वीसच का?'

"तक्ता सांगतो म्हणून," बाई बोलून गेल्या आणि त्यांनी जीभ चावली.

मग त्यांनी विचारलं, "हे काढता येतं?"

"कोपरा ही वेगळी टाकी धरली तर येतं. पुढच्या कोर्सात."

नवऱ्याला फोन करायचा राहूनच गेला. बाई फॉर्मच्या खिडकीपाशी रांगेत उभ्या होत्या, एकदा या पायावर, एकदा त्या.