पांघरुणांची पेटी

आई गेल्यावर बाबांना नागपूरहून इंग्लंडला, माझ्याकडे मिल्टन कीन्सला आणायचं ठरलं, तेव्हा मी सगळ्यात आधी घरातल्या वाइनच्या बाटल्या गॅरेजमध्ये हलवल्या. पंचेचाळिशी उलटलेला, दोन मुलांचा बाप मी. पण वडील येणार म्हटल्यावर बाटल्या लपवायच्याच. इथल्या आमच्या निम्म्या मंडळींकडे हेच चालतं.

बाटल्या लपल्या, पण पेटी कुठे लपवणार? महोगनीची, जुन्या सामानाच्या दुकानातून हौसेनं घेतलेली. दोनशे वर्षांपूर्वी इथले श्रीमंत लोक जेवणघरात अशा पेटीत बर्फ घालून वाइन थंड करत. आतून शिशाचा पत्रा, खाली सिंहाचे पंजे, झाकण ग्रीक देवळाच्या छपरासारखं उतरतं. बाकी घडण रोमन लोकांच्या दगडी शवपेटीची, असं दुकानदार म्हणाला होता. तेव्हा मला त्याची गंमत वाटली होती.

"हे काय रे?" बाबांनी आल्या आल्या विचारलं.

"पांघरुणांची पेटी," मी ठोकून दिलं.

बाबा बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन होते. आई गेल्यापासून त्यांचं कशातच लक्ष नव्हतं, पण त्या पेटीपाशी ते खाली बसले, चष्मा पुसला, कोपऱ्यांवरून बोट फिरवलं. "अरे, ही तर इमारतच आहे! आमच्या जुन्या कचेरीवर असाच त्रिकोण होता, खांबांना अश्शाच पन्हळी. जन्मभर तेच काढत बसलो." कित्येक महिन्यांत ते एवढं बोलले नव्हते. तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. त्यांचा उजळलेला चेहरा बघून माझी जीभ उचलेना.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पेटी पुसली, आत पाट ठेवला आणि त्यावर आईचे देव मांडले. रोज आंघोळ करून ते झाकण उघडत, फूल वाहत आणि आईशी बोलल्यासारखं काहीतरी पुटपुटत. मी लॅपटॉपमध्ये डोकं खुपसून बसायचो. स्वतःची लाज वाटायची, तरी गप्प राहायचो.

मग एका दुपारी शेजारच्या इंग्लिश आजी चहाला आल्या. "किती सुरेख वाइन कूलर! हुबेहूब रोमन शवपेटी," त्या कौतुकानं म्हणाल्या. बाबांना इंग्रजी उत्तम येतं. त्यांनी हसून बिस्किटांची बशी त्यांच्यापुढे सरकवली.

संध्याकाळी पाहिलं, तर देव आईच्या साडीत गुंडाळून बॅगेत ठेवलेले.

"बाबा, मी सांगणारच होतो..."

"तू पितोस ते मला पहिल्याच आठवड्यात कळलं. गॅरेजमध्ये छत्री शोधायला गेलो होतो. त्याचं काही नाही रे. पण तुझ्या आईचे देव मी कशात मांडतोय, हे तू रोज बघत होतास ना?"

पंधरा दिवसांत बाबा नागपूरला परत गेले.

आता दर रविवारी व्हिडिओ कॉल होतो. जेवलास का, थंडी किती, एवढंच. मागच्या रविवारी त्यांनी सहज विचारलं, "त्या पेटीत आता काय ठेवतोस?"

"पांघरुणं," मी म्हणालो.

"बरं," बाबा म्हणाले.

पेटी त्या संध्याकाळपासून रिकामी आहे. एवढं साधं खरंही मला त्यांना सांगता आलं नाही.