माझा नवरा गातो

एतेल्विना जाळी दुरुस्त करायला बसली की बंदरावरच्या बायका जरा लांबच बसायच्या. हातातल्या सुईपेक्षा तिची जीभ जास्त चालायची. नवऱ्याशी, बेलार्मिनोशी, तर रोजचीच खडाजंगी. तो समुद्रावरून आला की आधी गुत्त्यात शिरायचा आणि मग गात गात घरी यायचा. "गळा आहे की गंजलेली कप्पी?" असं ती खिडकीतून ओरडायची.

त्या मार्चमध्ये वादळ झालं. सगळ्या बोटी परतल्या, बेलार्मिनोची तेवढी आली नाही. चार दिवस झाले, तशी गावानं आशा सोडली. माणूस गेला की शेजारणी सूप घेऊन येतात, चुलीपाशी बसून त्याच्या सवयी आठवतात आणि मग चर्चची घंटा वाजते, अशी तिथली रीत. समोरची ओलिवा दोघीतिघींना घेऊन आली.

"काय सुंदर गायचा बिचारा!" ओलिवानं सुरुवात केली.

"गायचा नाही, गातो," एतेल्विना ताडकन म्हणाली. "आणि सुंदर तर मुळीच नाही."

"पोराबाळांना किती जीव लावायचा..."

"लावतो!"

"अगं बाई, मन घट्ट कर आता. घंटा किती दिवस अडवून धरणार?"

"ते सूप उचल आणि चालू लाग!"

बायका निघून गेल्या. एतेल्विनानं बटाटे शिजत घातले, मिठाची चिमूट उचलली आणि स्वतःशीच पुटपुटली, "जरा खारट झालं की कसा चिडायचा..."

तिनं तोंडावर हात दाबला, पण शब्द निघून गेला होता. आपणच त्याला बुडवलं असं वाटून ती तिथंच जमिनीवर बसली आणि ढसाढसा रडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुत्तेवाला धावत आला. सान्तान्देर बंदरातून फोन होता. बेलार्मिनोच्या बोटीचं इंजिन बंद पडलं होतं, एका फ्रेंच बोटीनं ती ओढून आणली होती, बोटीवरचे सगळे सुखरूप होते. संध्याकाळच्या बसमधून बेलार्मिनो उतरला, कुणाची तरी आखूड विजार घालून. ओलिवा लाजून दाराआड झाली.

घरात आल्यावर एतेल्विना आपल्याशी भांडेल असं त्याला वाटलं होतं. ती त्याच्या छातीवर डोकं टेकून म्हणाली, "काल मीच तुला मारलं रे. माझ्याच तोंडानं."

"मारलंस तर मारलंस," तो तिचे डोळे बाहीनं पुसत म्हणाला. "आता वाढ. मेलेल्यालाही भूक लागते."

तिनं वाढलं. तो जेवत होता तोवर तिनं त्याची बाही सोडली नाही.