हाकेचा कोपरा

साताऱ्यात राजेश्वरीला सगळे कारखान्यांची डॉक्टर म्हणतात. कुणाचं मशीन बंद पडतं, कुणाचा माल परत येतो. ही सल्ला द्यायला जाते, फळ्यावर शक्य ती सगळी कारणं मांडते आणि तपासल्याशिवाय एकही खोडत नाही. भूतसुद्धा ही आधी फळ्यावर घेईल, मग खोडेल, अशी आम्ही तिची थट्टा करायचो. मी तिच्याबरोबर काम करते. सांगलीजवळ फारूकभाईंच्या हळदीच्या गोदामात तिने ते खरंच केलं.

तिथे हळद निवडायला बायका टिकत नव्हत्या. मागच्या कोपऱ्यात बसलं की डोकं जड होतं आणि मेलेलं माणूस नावानं हाक मारतं, असं त्या सांगत.

"मॅडम, दोघीजणी बेसुद पडल्या," फारूकभाई म्हणाले. "उद्या एकादी दगावली तर मी काय तोंड दाखवू?"

राजेश्वरीने धूळ, कीटकनाशक, उपास यांच्याखाली 'हाक' असंही लिहिलं. वरची कारणं तपासून एकेक खोडली. मग तिच्या ध्यानात आलं, उभ्याने पोती उचलणाऱ्या हमालांना काहीच होत नव्हतं. त्रास होता तो बसणाऱ्यांनाच. ती स्वतः त्या कोपऱ्यात जाऊन बसली. भर दुपारी पत्रा तापलेला, मी तिच्याजवळ उभी राहिले. थोड्या वेळाने तिने रिकाम्या भिंतीकडे मान वळवली आणि म्हणाली, "आले, आबा." आबा म्हणजे तिचे वडील, कधीच वारलेले. मी तिला ओढत बाहेर आणलं. शुद्धीवर येताच म्हणाली, "पणती आण."

कोपऱ्यात जमिनीवर ठेवलेली पणती वारा नसताना विझली. हातात उंच धरली की नीट जळायची. फारूकभाईंचा चेहरा उतरला. हळद साठवायचं जुनं पेव, म्हणजे जमिनीखालची खोल कोठी, महापुरानंतर त्यांच्या वडिलांनी न उपसताच वरून कोबा घालून बंद केलं होतं. आतली हळद कुजून वायू फटीतून वर येत होता आणि जमिनीलगत साचत होता. पेवात उतरायच्या आधी दिवा सोडून बघायचा, हे इथं सगळ्यांना ठाऊक. पण पायाखाली पेव आहे हेच विसरले होते. कोबा फोडला, पेव उपसलं आणि मुरूम टाकून बुजवलं. 'हाक' राजेश्वरीने स्वतः खोडली.

निघताना रंगूबाई गाडीपाशी आली. बाकीच्या पळाल्या तरी हीच एक जुनी बाई टिकून होती, आणि डबाही त्याच कोपऱ्यात खायची. तिची कधी तक्रार नव्हती.

"बाई, लय चांगलं काम केलंसा," ती म्हणाली. "आमचं कारभारी करोनात गेलं. दवाखान्यातनं परस्पर न्हेलं, त्वांड बी बगाय मिळालं न्हाई. हितं बसलं की इचारायचं, रंगे, जेवलीस का? आता मी कुटं बसू?"

राजेश्वरी त्या कोपऱ्याकडे बघत राहिली, कान देऊन, आणि खरं सांगते, मला तिचीच भीती वाटली.