आगामीला उजवा कौल

सिनेमा बघायचा की नाही, यावर आमच्या घरात कधी वाद झाला नाही. वर्षातून एकदा बघायचा, हे ठरलेलंच होतं. वाद असायचा तो कोणता बघायचा यावर, आणि तो वाद सुगी संपल्यापासून उन्हाळा तापेपर्यंत चालायचा. एवढा खल करून शेवटी आत्या म्हणेल तोच सिनेमा लागायचा. म्हणजे लागायचे सगळेच, पण आमच्यासाठी तो एकच.

आम्ही उत्रोलीचे. भोर हाकेच्या अंतरावर. भात निघालं की भोरच्या बाहेर मोकळ्या खाचरात सिनेमाचा तंबू पडायचा आणि पावसाळ्याच्या तोंडाशी उठायचा. संस्थान जाऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. आत्या अजून कुठल्याही गोष्टीला "राजाच्या वक्ताला असलं नव्हतं" म्हणायची. आत्या म्हणजे दादांची, माझ्या वडलांची, थोरली बहीण. लवकर विधवा होऊन माहेरी परतलेली, आणि परतल्यापासून घर तिच्याच तोंडाकडे बघून चालायचं. दादा शेतात वाघ होते, पण उंबऱ्याच्या आत आले की "आक्का म्हणंल तसं". आई तर बोलायचीच नाही. थोरला भाऊ बोलायचा, पण त्याला हवा असायचा तलवारीचा सिनेमा, आणि तो पुरुषमाणूस असल्यामुळे गुपचूप जाऊन बघूनही यायचा. अडकून पडायचो ते आम्ही बायका. आमची गाडी वर्षातून एकदाच जुंपायची.

सिनेमाची नावं आमच्याकडे कुणी घेत नसे. मारुतीचा, तलवारीचा, सासूचा, दोन बायकांचा, अशीच ओळख. आत्याचा नियम सरळ होता: त्यात देव पाहिजे. मागच्या खेपेला मारुतीचा बघायला गेलो, तेव्हा तिनं आम्हा सगळ्यांना तंबूच्या दाराशी वहाणा काढायला लावल्या. पडद्यावर मारुती उडाला तशी ती उठून उभी राहिली, आणि मागच्या बायका "खाली बसा की वं" म्हणून ओरडत असताना हात जोडून तशीच राहिली. बाहेर आलो तर आईची वहाण गेलेली. आई अनवाणी गाडीत बसली आणि आत्या म्हणाली, "देवाच्या दारात गेली, चांगलंच झालं." मला तेव्हाही राग आला होता. वहाण मारुतीनं नेली नव्हती.

ज्या वर्षाची गोष्ट सांगते आहे, त्या वर्षी माझं लग्न ठरत होतं. स्थळ वेल्ह्याकडचं, विंझरच्या वर डोंगरात वस्ती. घरी शेती, शेरडं-मेंढरं, खाऊनपिऊन सुखी. मला एवढंच कळलं होतं की तिकडे तंबू जात नाही. तंबूला सपाट जागा लागते, गाडीरस्ता लागतो, आणि माणसं लागतात. तिथं यातलं काही नव्हतं. म्हणजे या साली जो सिनेमा बघेन तो माझा शेवटचा. आणि तो मारुतीचा असणार होता, कारण तंबूवाला तोच पुन्हा आणणार होता.

अशात बाजारातून गूळ आला. गुळाच्या ढेपेला गुंडाळलेला कागद मी सोडवला तर ती सिनेमाची जाहिरात निघाली. खालचा अर्धा भाग गुळाला चिकटून गेला होता. वरच्या अर्ध्यावर एक बाई सायकलवर बसलेली. पदर खोचलेला, एक हात दांडीवर, दुसरा हवेत, आणि मागे वळून हसत होती. तिच्या डोक्यावर ठळक अक्षरांत छापलं होतं: आगामी.

मी चौथी झालेली. घरात वाचता येणारी मी आणि भाऊ, पण भावाला वाचायचा कंटाळा. मी वाचलं, "आगामी." आत्यानं विचारलं, "म्हंजी काय?" मी म्हटलं, "नाव आहे सिनेमाचं." आमच्या पुस्तकात हा शब्द आला नव्हता. तलवारीचा, मारुतीचा, तसा हा आगामीचा. बाईचं नाव असेल असंही मला वाटलं. भावानंही कागद बघितला आणि मान डोलावली.

सायकल आमच्या गावात एक होती, तीही पोस्टमनची, आणि तो चढावर ती हातानं ढकलायचा. बाईमाणूस सायकलवर बसतं हे मला त्या कागदानं सांगितलं. ती कुठं चालली असेल? माहेरी? शाळेत? नवऱ्याला भाकरी घेऊन? भाकरीचं गाठोडं तर दिसत नव्हतं. मागे बघून हसते आहे, म्हणजे मागे कुणीतरी आहे, आणि त्याला सोडून ती पुढे निघाली आहे. मला ते बघायचंच होतं. दुसरं काही मी त्या साली मागितलं नाही. लुगडंसुद्धा नाही.

"त्यात देव हाय का?" आत्यानं विचारलं.

"दिसत तर नाही," मी म्हटलं.

"मंग कशाला बगायचा? बाई सायकलीवरनं पडती, एवढंच असंल."

ती पडते म्हणून आत्यानं तिथंच ठरवून टाकलं. न बघता. मी चिडून कागद घेतला आणि कणगीमागे खोचून ठेवला.

मग लग्नाचा कौल लावायचा दिवस आला. आमच्याकडे सोयरीक असो, विहीर असो की हरवलेली म्हैस असो, भैरोबाला विचारल्याशिवाय पान हलत नसे. गुरव देवाच्या दोन्ही अंगांना ओल्या कळ्या चिकटवायचा, प्रश्न एकदाच विचारायचा आणि सगळे श्वास धरून बसायचे. उजवी कळी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. आमच्या बाबतीत गुरवाचं तोंड उघडायच्या आतच उजवी पडली. दादांनी हात जोडले, आत्यानं डोळे पुसले. मला कुणी काही विचारलं नव्हतं. देवाला विचारलं होतं, तेवढं पुरे होतं.

उठता उठता आई बोलली. आई देवळात तोंड उघडते हे बघून गुरवही थांबला. ती म्हणाली, "आक्का, पोर आता डोंगरात जायाची. सिनेमाचं बी इचारून घ्या की."

आत्या तिच्याकडे बघत राहिली. पण देवाला विचारू नका असं म्हणायची सोय आत्यालाही नव्हती. तिनं विचारलं अर्थातच आपल्याच सिनेमाचं: "मारुतीचा बगू का, देवा?" गुरवानं कळ्या लावल्या. डावी पडली. आत्याचा चेहरा उतरला. भैरोबाला मारुतीचा सिनेमा नको असेल हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं. तेव्हा मीच म्हटलं, "आगामीचं विचारा." गुरवानं विचारलं, "आगामी बगू का?" आणि उजवी कळी टपकन पडली.

त्या दिवशी दोन कौल उजवे पडले. माझ्या मनात कोणता होता, हे सांगायला नको.

"देवानं आगामी सांगितलाय," आत्या घरी येऊन म्हणाली. "आता त्योच बगायचा. दुसरा न्हाई." तिला आवडलं नव्हतं, पण देवाच्या शब्दापुढं ती स्वतःचंही ऐकणारी नव्हती.

इथून पुढं माझ्या जिवाचा जो संताप झाला, तो अजून पुरता गेलेला नाही. दादा बाजारच्या दिवशी तंबूवर जायचे आणि विचारून यायचे, "आगामी कवा?" तंबूवाला म्हणायचा, "येत्या शुक्रवारी." आम्ही शुक्रवारची वाट बघायचो. शुक्रवारी भाऊ जाऊन यायचा आणि सांगायचा, लागलाय तो भलताच, राक्षसाचा. दादा पुन्हा विचारायचे. पुन्हा येता शुक्रवार. पुन्हा भलताच. कधी सासूचा, कधी दरोडेखोराचा. मधल्या वेळात मारुतीचा येऊन गेला. गावातल्या झाडून सगळ्या बायका बघून आल्या, आणि पाणवठ्यावर मला विचारायला लागल्या, "तुमी न्हाई आला?" मी म्हणायचे, "आमचा आगामी आहे." त्या म्हणायच्या, "आमच्या ऐकण्यात न्हाई बाई." हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागल्यासारखं झालं होतं आमचं, आणि पाठी तरी कुठं लागलो होतो? गाडी गोठ्यात आणि आम्ही घरात.

दादांवर तर मी इतकी चिडले! बोलता येत नव्हतं म्हणून ताकाची रवी आपटायचे. आई म्हणायची, "हळू. डेऱ्याचा काय गुना?"

बस्त्याला आम्ही सगळे भोरला गेलो. बांगड्या भरून झाल्यावर मी आईच्या मागं लागून तंबूवरून गाडी घ्यायला लावली. त्या साली मी तंबू पहिल्यांदाच बघत होते. दाराशी दोन मोठ्या फळ्या, आधीच्या सालांत आत्यामागं धावताना कधी धड वाचल्याच नव्हत्या. एकीवर रंगानं लिहिलेलं, "चालू". दुसरीवर तसंच रंगानं लिहिलेलं, "आगामी". आणि दोन्हींखाली खळीनं चिकटवलेले कागद. आगामीखाली एका दाढीवाल्या फकिराचं चित्र होतं. त्याच्या कडेनं आधीच्या कागदांच्या चिंध्या लोंबत होत्या: राक्षसाचं शिंग, सासूचा डोळा.

मी तिथंच उभी राहिले. फळीवरचा रंग उन्हानं जुना झाला होता. अक्षरं कायमची होती आणि खालचे सिनेमे बदलत होते. जो यायचा तो आगामी. आला की तो आगामी राहत नव्हता, दुसराच कुणी आगामी व्हायचा. दादांनी इतक्या वेळा विचारलं आणि तंबूवाल्यानं दर वेळी खरंच सांगितलं होतं.

कणगीमागचा कागद मी घरून निघताना कमरेला खोचून आणला होता, तो काढला आणि तिकिटाच्या खिडकीतल्या माणसापुढं धरला. "हा कधी?"

त्यानं बाईला ओळखलं. "ह्याच्या रिळांची पेटी दुसऱ्या तंबूवर अडकलीय. तिकडं जत्रा उरकली की इकडं. अक्षय तृतीया झाल्यावर बघा."

माझं लग्न अक्षय तृतीयेच्या आदल्या आठवड्यात होतं.

मी आत्याकडे गेले आणि सगळं सांगितलं. शब्दाचा अर्थ सांगितला, फळी दाखवली, चूक माझीच झाली हेही बोलले. म्हटलं, "आत्या, आज जो लागलाय तो बघू. कुठलाही. राक्षसाचा असला तरी चालेल. आपण सगळे इथंच आहोत, गाडी इथंच आहे."

आत्या फळीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "देवाला काय म्हनून इचारलं हुतं?"

"आगामी. पण आत्या, तो शब्द..."

"तुला त्या वक्ताला कळला नव्हता. देवाला बी कळला नव्हता व्हय? त्येनं सायकलवालीचाच कौल दिला. दुसरा बगितला तर त्येचा शब्द मोडला. उद्या डोंगरात तुला काय झालं तर म्या कुनाला इचारायचं?"

मी दादांकडे बघितलं. दादा बैलाच्या मानेवरची माशी हाकलत होते. आईनं माझ्या नव्या बांगड्यांवर हात ठेवला, मी रडताना त्या वाजू नयेत म्हणून असेल. गाडी वळली. तंबूतून कर्ण्यावरचं गाणं बऱ्याच लांबपर्यंत ऐकू येत राहिलं आणि भाऊ ते गुणगुणत होता. त्याच्या थोबाडीत द्यावी असं वाटलं.

लग्न झालं. मी डोंगरात गेले. तेलही गेलं, तूपही गेलं.

आखाडात रिवाजाप्रमाणे माहेरी आले. तंबू केव्हाच उठला होता. मी आणि आत्या तांदूळ निवडत बसलो होतो. तिनं मान वर न करता सांगितलं, "आमी जाऊन आलो."

"कुठं?"

"आगामीला. देवाचा शब्द हुता. गाडी जुंपून समदी गेलो."

मी सूप खाली ठेवलं. ज्यांना तो सिनेमा नको होता ती सगळी माणसं तो बघून आली होती. मी भावाला हाक मारली, विचारलं, ती कुठं जाते? तो म्हणाला, "मारामारी न्हवती, झोपलो मी." दादांना विचारलं. ते म्हणाले, "गानी बरी हुती." आई म्हणाली की तिला माझी आठवण येऊन पुढचं काही दिसलंच नाही. मला आईचाही राग आला. निदान तिनं तरी डोळे पुसून बघायचं.

"आत्या, तुम्ही तरी सांगा. कुठं चालली होती ती?"

"त्ये म्या बगितलं न्हाई," आत्या म्हणाली. "म्या निस्ती तिच्या चाकाकडं बगत हुते. आता पडंल, मग पडंल. लई खाचखळगं हुतं रस्त्यात." तिनं एक खडा वेचून अंगणात टाकला. "शेवटापत्तूर न्हाई पडली गं."

मी तिच्याशी दोन दिवस बोलले नाही.

श्रावण लागला तशी मी सासरी परतले. झऱ्यावर वस्तीतल्या बायका जमल्या होत्या, सासूबाईही होत्या. त्यांच्यातल्या एकीनंही जन्मात तंबू बघितला नव्हता. सासूबाई म्हणाल्या, "तुमच्याकडं सिनेमा येतो म्हनं. तू कंचा बगितलास?"

"आगामी," मी म्हटलं.

"शेवटी काय हुतं त्यात?"

सगळ्याजणी घागरी खाली ठेवून माझ्याकडे बघत होत्या.

"एक बाई सायकलवरनं निघते," मी म्हटलं. "पडत न्हाई."